टाचदुखी : कोणता इलाज आधी, कोणता नंतर?



सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टाकलं, की टाचेत काटा मोडल्यासारखी कळ येते. भिंत धरून चार पावलं टाकली की ती जरा हटते. शेण-पाणी, धारा उरकेपर्यंत माणूस दुखणं विसरतोही. पण दुपारी बांधावर भाकरी खायला बसावं आणि उठावं, की पुन्हा तीच कळ. संध्याकाळी टाच ठणकू लागते. असं महिना, दोन महिने चालतं. मग कोणी सांगतं, इंजेक्शन घे. कोणी सांगतं, हाड वाढलंय, काढून टाक. कोणी बिब्बा लावायला सांगतं, कोणी डाग द्यायला. पैसे जातात, रोजगार बुडतो, टाच मात्र दुखतेच.

या दुखण्यावर इलाज पुष्कळ आहेत. कोणता इलाज आधी करायचा, कोणता मागाहून आणि किती दिवस वाट पाहायची, एवढं समजलं तर बहुतेकांचं काम थोडक्या खर्चात होतं. तेवढ्यासाठी हा कागद आहे. घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

आपल्या पट्ट्यात हे दुखणं का दिसतं?

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी असं करत कारखाने चाकणपर्यंत आले. आज खेड आणि मावळ तालुक्यांतल्या कितीतरी घरांत एक पाय शेतात आणि एक पाय कारखान्यात आहे. थोरला कांदा-बटाट्याच्या वावरात, तर धाकटा चाकणच्या कारखान्यात पाळीवर. कैक जण तर दोन्ही करतात. पहिली पाळी संपवून आले की पाणी धरायला शेतात.

कारखान्यात आठ-आठ तास काँक्रीटच्या जमिनीवर कडक तळाच्या बुटात उभं राहायचं. शेतात ढेकळांतून चालायचं, ओझं वाहायचं. घरात माउली शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहून स्वयंपाक करते. तिघांच्याही टाचेवर भार सारखाच पडतो. त्यात चाळिशी उलटलेली असेल, अंगावर वजन चढलेलं असेल, पोटऱ्या आखडलेल्या असतील, तर हे दुखणं लवकर धरतं. दहा माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी ते होतं. तेव्हा लाजण्याचं किंवा घाबरण्याचं कारण नाही.

टाचेत नेमकं काय होतं?

टाचेच्या हाडापासून पायाच्या बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. तळव्याची कमान तोच ताणून धरतो. डॉक्टर या दुखण्याला 'प्लान्टर फॅसायटिस' म्हणतात, ते या पट्ट्यावरूनच.

रोज ओझं ओढणाऱ्या दोराचे धागे जिथं गाठ असते तिथंच आधी तुटतात. तसंच इथं होतं. पट्टा जिथं टाचेच्या हाडाला चिकटलेला असतो, तिथं त्याचे बारीक धागे झिजतात. रात्री पाय सैल असतो, तेव्हा पट्टा आखडून बसतो, चामड्याची वादी वाळून कडक व्हावी तसा. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो आणि कळ येते. चालून चालून तो सैल झाला की कळ कमी होते.

आता 'वाढलेल्या हाडा'विषयी. एक्स-रे काढला की पुष्कळांच्या टाचेला काट्यासारखं हाड दिसतं. पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कैक माणसांनाही ते असतं. आणि दुखणं बरं झालं तरी हाड तसंच राहतं. म्हणून 'हाड वाढलंय' एवढ्या शब्दावर कापाकापीला तयार होऊ नका. साध्या टाचदुखीला सुरुवातीला एक्स-रेची गरजही सहसा लागत नाही.

हेच दुखणं आहे, हे कसं ओळखावं?

खाली बसा. दुखरा पाय मांडीवर घ्या. पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या पुढच्या, आतल्या बाजूला दाबा. तिथं नेमक्या जागी कळ आली आणि सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यांत वाईट असेल, तर बहुतेक हेच दुखणं.

टाचेला भेगा पडणं वेगळं, कुरूप वेगळं आणि बाभळीचा काटा आत मोडून राहणं वेगळं. त्यांचे इलाजही वेगळे.

पुढीलपैकी काही असेल तर या कागदावर विसंबू नका. आधी डॉक्टरांना दाखवा :

१) झाडावरून, माळ्यावरून किंवा ट्रॉलीवरून पडल्यानंतर टाच दुखू लागली.
२) टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की असह्य दुखतं. हाडाला बारीक चीर असू शकते.
३) टाच लाल झाली, सुजली, गरम लागते किंवा ताप आला.
४) मधुमेह आहे, पाय बधिर आहेत किंवा तळव्याला जखम आहे.
५) तळव्यात मुंग्या येतात, आग होते, रात्री निजल्यावरही ठणका लागतो.
६) तरणा माणूस आहे, दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर-पाठही तास-तासभर आखडलेली असते. हा सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो.
७) चालताना तळव्यात 'तट्' झालं आणि एकदम पाय टेकवेना.

पहिला इलाज : ताण देणं. खर्च शून्य.

पट्टा आखडतो म्हणून दुखतं. तर मग त्याला रोज, बेताबेताने ताण द्यायचा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हे काम पहिलं पाऊल जमिनीवर टेकवायच्या आधी करायचं.

खाटेवर बसल्या बसल्या दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पायाची बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा. तळव्याची कमान तारेसारखी ताठ झाली पाहिजे, दुसऱ्या हाताने चाचपून पाहा. दहा आकडे मोजा आणि सोडा. असं दहा वेळा. मगच खाली उतरा. दिवसातून तीनदा हेच करा. बसून उठण्याआधी केलं तर उत्तम.

अमेरिकेत रोचेस्टर येथील डॉक्टरांनी हा व्यायाम १०१ रुग्णांवर पारखून २००३ साली निष्कर्ष छापला. या सगळ्यांचं दुखणं दहा महिन्यांपेक्षा जुनं होतं. काहींना फक्त पोटरीचा ताण शिकवला, काहींना वर सांगितलेला तळव्याचा. आठ आठवड्यांनी तळव्याला ताण देणाऱ्यांना जास्त आराम होता. मग दुसऱ्या गटालाही तोच व्यायाम दिला. दोन वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा भेटलेल्यांपैकी दहात नऊ जण समाधानी होते. जुनाट दुखण्यालाही हा बिनपैशाचा इलाज लागू पडतो तो असा.

जोडीला पोटरीचा ताणही द्या. गोठ्याच्या भिंतीला हात टेकून उभे राहा. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पुढचा गुडघा वाकवत पुढे झुका. तीस आकडे मोजा. असं तीनदा.

दुसरा इलाज : पायतण आणि भार

टाचदुखी असेपर्यंत अनवाणी चालणं बंद. घरातसुद्धा. खाटेशेजारी मऊ चप्पल ठेवा, पाय उतरवायचा तो चपलेतच. स्वयंपाकघरासाठी वेगळी स्वच्छ चप्पल ठेवली तर सोवळ्याचाही प्रश्न मिटतो. झिजून पातळ झालेली स्लीपर आणि सपाट, कडक वहाण या दोन्ही टाचेला वैरी. टाच बोटांपेक्षा बोटभर उंच, तळ जाड आणि कमानीला आधार, असं पायतण पाहा.

बुटात घालायची टाचेची मऊ गादी औषधाच्या दुकानात मिळते. पायाचं माप घेऊन बनवलेले महाग तळ घ्यावेत का, असं पुष्कळ जण विचारतात. ऑस्ट्रेलियात १३५ रुग्णांवर पाहणी झाली, ती २००६ साली छापली गेली. तयार तळ आणि मापाचे तळ यांच्या गुणात फरक दिसला नाही. पहिल्या तीन महिन्यांत दोन्हींचा थोडा उपयोग झाला, वर्षाअखेर तोही उरला नाही. म्हणून आधी साधी तयार गादी घ्या. आणि गादी घातली म्हणून ताण देणं सोडू नका.

भातलावणीत चिखलात पायतण चालत नाही हे खरं. तिथं एवढं करा : ताण देऊन वाफ्यात उतरा, तासा-दोन तासांनी बांधावर बसून पुन्हा ताण द्या, आणि बांधावर चढल्याबरोबर चप्पल घाला. दुखणं आहे तोवर पोती वाहणं दुसऱ्यावर सोपवा. अंगावर वजन जास्त असेल तर ते उतरवणं हाही इलाजच आहे. प्रत्येक पावलाला टाच तोच भार सोसते.

तिसरा इलाज : पट्टा बळकट करणं

दोन-तीन आठवडे ताण दिल्यावर कळ थोडी ओसरली की हा व्यायाम धरा. ओट्याच्या पायरीवर पुढच्या पावलावर उभे राहा, टाच बाहेर अधांतरी. पंचा गुंडाळून पायाच्या बोटांखाली ठेवा. भिंतीचा आधार घ्या. तीन आकडे मोजत टाच वर, दोन आकडे तिथंच, तीन आकडे मोजत खाली. आधी दोन्ही पायांवर, जमू लागलं की एका पायावर. बारा वेळा झाले की विसावा. असे तीन फेरे, एक दिवसाआड. पुढे पाठीवर थोडं ओझं घेऊन करा.

डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर हा व्यायाम आणि नुसता ताण यांची तुलना झाली. तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी बळकटीचा व्यायाम करणारे पुढे होते. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच. म्हणजे लवकर कामावर उभं राहायचं असेल तर याचा फायदा. जमत नसेल तर नुसता ताणही शेवटी त्याच गावी नेतो.

शेक, बर्फ, गोळ्या आणि घरगुती उपाय

विटेवर रुईची पानं ठेवून शेक घ्यायची आपल्याकडे जुनी चाल आहे. शेकाने बरं वाटतं, घ्यायला हरकत नाही. पण वीट हाताला सोसेल एवढीच गरम असावी. मधुमेह्यांनी मात्र असा शेक घेऊ नये. पाय बधिर असला तर भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. दिवसभराच्या कामानंतर टाच ठणकत असेल तर पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. शेक आणि बर्फ दोन्ही तात्पुरत्या आरामाचे, पट्टा त्यांनी सुधारत नाही.

दुखणं मारायच्या गोळ्यांचंही तसंच. चार-आठ दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने ठीक. पण दुकानातून आणून महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण पडतो. रक्तदाब असेल त्याने तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. कागदात बांधलेल्या बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. त्यात काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही.

बिब्बा टाचेला लावू नका. कातडी भाजते, फोड येतात. आयुर्वेदात या दुखण्याला वातकंटक म्हणतात आणि अग्निकर्म हा त्यावरचा एक उपचार आहे. करायचाच असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडे करा. गावात तापलेल्या विळ्याने डाग देऊन घेणं म्हणजे दुखण्यात जखमेची भर.

सुई केव्हा?

आता ज्या इलाजाची सगळ्यांत जास्त विचारणा होते, त्याकडे वळू. टाचेतलं स्टिरॉइडचं इंजेक्शन.

पिवळ्या पिकाला युरिया टाकला की चार दिवसांत काळोखी येते. पण जमिनीचा कस त्याने वाढत नाही. हे इंजेक्शन तसं आहे. बऱ्याच पाहण्या एकत्र करून २०१७ साली आढावा घेतला गेला, त्यात असं दिसलं की महिनाभर थोडा आराम पडतो, त्यापुढे फारसा फरक राहत नाही. धोके मात्र आहेत. पट्टा तुटू शकतो. टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी विरळ होऊ शकते, आणि ती गेली की परत येत नाही. मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते.

मग घेऊच नये का? तसं नाही. समजा, एखादा तरुण कंत्राटी कामावर आहे. खाडा झाला की पगार कापला जातो. सहा-आठ आठवडे ताण देऊन, पायतण बदलूनही त्याला पाय टेकवत नाही. अशा वेळी हाडांच्या डॉक्टरांकडून एक इंजेक्शन घेणं समजण्यासारखं आहे. पण ते घेतल्यावर आराम पडला म्हणून लगेच धावपळ करू नये, ओझं उचलू नये. मिळालेल्या महिन्याचा उपयोग व्यायाम पक्का करायला करावा. आणि पुन्हा पुन्हा सुई टोचून घेऊ नये.

तीन-सहा महिन्यांनीही दुखत असेल तर

रात्रीचा पट्टा : झोपताना पाऊल काटकोनात धरून ठेवतो, त्यामुळे सकाळची कळ कमी होते. झोपायला अडचण होते म्हणून बरेच जण सोडून देतात. ज्यांना सोसेल त्यांनी वापरावा.

धक्क्याच्या लहरींचं यंत्र : टाचेवर यंत्राने लहरी सोडतात, सहसा आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. जुनाट दुखण्यात पुष्कळांना गुण येतो, कापाकापी नाही. गरोदर स्त्रिया आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे यांच्यासाठी हा इलाज नाही.

स्वतःच्या रक्ताचं इंजेक्शन : आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्याचा एक भाग टाचेत सोडतात. काही पाहण्यांत सहा महिन्यांनंतर स्टिरॉइडपेक्षा बरा गुण दिसला. पण सगळ्या पाहण्या सारख्या पक्क्या नाहीत आणि खर्च मोठा असतो. कर्ज काढून करण्याजोगा हा इलाज नव्हे.

शस्त्रक्रिया : सगळं करूनही सहा ते बारा महिन्यांत गुण नाही, तेव्हाच. फार थोड्यांना लागते. नस दुखावणं, कमान बसणं हे धोके त्यात आहेत.

हे लक्षात ठेवा : शस्त्रक्रियेवाचून दहांपैकी आठ-नऊ जण वर्षाच्या आत बरे होतात. दुखणं हळू जातं, पण जातं. घाईने महागड्या इलाजाच्या मागे लागलेला माणूस पुष्कळदा आपल्या गतीने बरं होणाऱ्या दुखण्याचेच पैसे मोजत असतो.

कारखान्यात जाणाऱ्यांसाठी

टाच दुखते म्हणून लोखंडी टोपीचा बूट काढून चपलेवर काम करू नका. टाच वाचवायला जाऊन बोटं गमवाल. बुटातच मऊ गादी घाला. गादीमुळे बूट घट्ट होत असेल तर एक माप मोठा मागा. तळ झिजला असेल तर बदलून घ्या. उभं राहायच्या जागी रबराची चटई मिळते का, काही दिवस बसून करायचं काम मिळेल का, हे सुपरवायझरला आणि कारखान्याच्या दवाखान्यात मोकळेपणी विचारा. न बोलता सोसणाऱ्याला कोणी आपणहून चटई आणून देत नाही.

विम्याचं कार्ड असलेल्या कामगारांसाठी चिंचवडला मोहननगरात कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे. इतरांना पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि चाकणचं ग्रामीण रुग्णालय आहे. व्यायाम कागदावरून नीट समजला नाही तर तिथं एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या.

वारकऱ्यांसाठी

ज्येष्ठात देहू-आळंदीहून पालख्या निघतात. पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. वर्षभर एवढं न चाललेली टाच एकदम हा भार सोसत नाही. दीड-दोन महिने आधीपासून चालणं थोडं थोडं वाढवा. नवं पायतण निघायच्या दिवशी घालू नका, आधी महिनाभर वापरा. मुक्कामाला निजताना आणि पहाटे उठताना तळव्याचा ताण चुकवू नका.

थोडक्यात

पहिले सहा आठवडे : पहिल्या पावलाआधी ताण, दिवसातून तीनदा. अनवाणी चालणं बंद. मऊ पायतण, कमी ओझं.

सहा ते बारा आठवडे : ताण चालूच. पायरीवरचा टाच उचलायचा व्यायाम एक दिवसाआड. तरीही पाय टेकवेना, तर डॉक्टरांना विचारून एखादं इंजेक्शन.

तीन ते सहा महिने : रात्रीचा पट्टा, लहरींचं यंत्र.

सहा ते बारा महिन्यांनंतर : हाडांच्या दोन डॉक्टरांचं मत घेऊनच शस्त्रक्रियेचा विचार.

आज ताण दिला आणि उद्या टाच बरी झाली, असं होणार नाही. पेरलेलं उगवायला वेळ लागतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक खूण करा आणि सहा आठवड्यांनी सकाळची कळ किती राहिली ते पाहा. ती निम्म्यावर आली असेल तर वाट बरोबर आहे, तीच धरून चाला.